काकूंच्या टेस्ट

"काकू, अडीचच्या जागी पंचवीस पडलंय," ऋषी म्हणाला.

सुनेत्राकाकूंनी चष्मा वर सरकवून स्क्रीनकडे पाहिलं, मग फॅक्सवर आलेल्या डॉक्टरांच्या कागदाकडे. चौथ्या मजल्यावरच्या एका आजींचं रक्त पातळ करायचं औषध, थेट दहापट.

"शाब्बास! पकडलंस," त्या हसल्या. "टेस्ट होती."

झालं! पुन्हा टेस्ट. ऋषीनं आकडा दुरुस्त केला आणि दातओठ खात पुढचा कागद ओढला.

मॅसॅच्युसेट्समधल्या या छोट्या हॉस्पिटलात तो रेसिडेन्सी करत होता. फार्मसीची डॉक्टरेट झाल्यावरचं हे वर्षभराचं ट्रेनिंग, म्हणजे अर्ध्या पगारात दुप्पट काम. तीस जूनला सर्टिफिकेट हातात पडलं तरच वूस्टरला नोकरी मिळणार होती आणि नोकरी मिळाली तरच व्हिसा. नाहीतर बॅग भरायची आणि सरळ नागपूर. २००६चा मे अर्धा सरला होता आणि रिसर्च प्रोजेक्ट अजून पाव भागसुद्धा झाला नव्हता.

कारण एकच, काकू.

काम तसं सोपं. डॉक्टरांच्या ऑर्डरी फॅक्सवर यायच्या, काकू त्या कॉम्प्युटरवर टाकायच्या, ऋषी तपासायचा, मग औषध वर वॉर्डात जायचं. सव्वीस वर्षं मुरलेल्या फार्मासिस्ट बाईचं काम तपासायला वेळ तो किती लागणार? दुपारपर्यंत मोकळं व्हायचं आणि प्रोजेक्टला बसायचं, असं त्यानं ठरवलं होतं. पण जानेवारीत काकूंनी टेस्ट सुरू केल्या. मध्येच एखाद्या ऑर्डरीत चूक पेरलेली असायची. कधी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी रोजची केलेली, कधी एकाचं इन्सुलिन दुसऱ्याच्याच नावावर. पकडलं की "शाब्बास!"

सुरुवातीला त्याला मजा वाटली होती. मग महिन्यातून एक होती ती आठवड्यातून एक झाली, आणि आता तर दोन-दोन. प्रत्येक ऑर्डर तीनतीनदा वाचायची म्हणजे दिवस तिथेच संपायचा. पार नाकी नऊ आले होते.

"काकू, आता बास करा ना," एकदा तो डब्याच्या वेळी म्हणालाच. "मला येतं काम."

"अरे, डोळ्यांत तेल घालून बघायची सवय लागावी म्हणून. उद्या एकटा असशील तेव्हा माझी आठवण काढशील." त्यांनी थालिपीठ त्याच्यापुढे सरकवलं. "आणि बार्बराला बोलू नकोस हं. चारचौघांत बोभाटा झाला की टेस्टला अर्थ काय राहिला?"

थालिपीठ मऊ होतं, वर लसणाची चटणी. असं खाऊ घालणाऱ्या बाईवर चिडायचं तरी कसं? घरी नवऱ्याचं, दिगंबरकाकांचं, किडनीचं दुखणं, त्यांचा इन्शुरन्स काकूंच्या नोकरीवर, आणि तरी रोज सकाळी त्या याचा डबा भरायच्या. ऋषी निमूट जेवायचा आणि आतल्या आत धुमसायचा.

"बार्बराला सांगून टाक यार," त्याचा रूममेट प्रसन्न म्हणाला. "डायरेक्टर आहे ती. एका मिनिटात बंद करेल."

"आपल्या माणसाची चुगली गोऱ्या बाईकडे? श्रूजबरीच्या मराठी मंडळात तोंड दाखवायला जागा राहील का?"

"मग बस थालिपीठ खात. नागपुरात पण मिळतं."

ऋषी भडकला, पण ते वाक्य त्याला चांगलंच झोंबलं. दुसऱ्या दिवशी त्यानं जानेवारीपासूनचे दुरुस्त केलेले कागद शोधले आणि सगळ्या टेस्ट तारीखवार वहीत उतरवल्या. सतरा निघाल्या. सतरा! एखाद्या शाळकरी पोराचीसुद्धा कुणी एवढी परीक्षा घेत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बार्बरानं त्याला केबिनमध्ये बोलावलं. कशासाठी, ते तो समजून चुकला. त्यानं वही उचलली.

"जाऊन ये," काकू कीबोर्डवरून मान वर न करता म्हणाल्या. "तोवर मीच टाकते आणि मीच तपासून वर पाठवते."

बार्बरानं प्रस्तावना केली नाही. "प्रोजेक्ट नाही तर सर्टिफिकेट नाही. हा नियम मला बदलता येणार नाही. तू फार्मासिस्ट चांगला आहेस, ऋषी. मग तुझा वेळ जातो कुठे?"

पाच महिन्यांचा राग उफाळून आला. गेली नोकरी, गेला व्हिसा, आणि तेही कशापायी?

"इथे जातो!" त्यानं वही टेबलावर ठेवली. "सुनेत्रा माझ्या टेस्ट घेतात." काकूंचं नुसतं नाव घेताना त्याची जीभ अडखळली. "ऑर्डरींत मुद्दाम चुका घालतात. त्यांचा हेतू चांगलाच आहे, माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. फक्त हे थांबवा आणि मला प्रोजेक्टला तीन आठवडे द्या."

बार्बरा वाचू लागली. एकेका ओळीवर तिचं बोट थांबत होतं. ऋषीला हायसं वाटलं. चला, कुणीतरी मनावर घेतलं!

"खऱ्या पेशंटच्या ऑर्डरींत?" तिनं विचारलं.

"हो."

"आणि ही टेस्ट आहे, असं ती तुला कधी सांगते? तू चूक पकडायच्या आधी की नंतर?"

"नंतर," ऋषी म्हणाला. "नेहमी नंतरच."

बार्बरानं फोन उचलला आणि खालच्या फार्मसीचा नंबर फिरवला.

"सुनेत्राला कॉम्प्युटरवरून उठवा. आत्ता. आणि गेल्या वीस मिनिटांत तिनं वर पाठवलेलं एकही औषध कुठल्याही पेशंटला देऊ नका."