बारा बाटल्या

शरणबसप्पांनी सोयाबीनचं तिसरं झाड उपटलं, माती झटकली आणि मुळं सुनेच्या नाकासमोर धरली. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठीच गाठी होत्या.

“हे काय हाय?” त्यांनी विचारलं.

महेश्वरीनं वाकून बघितलं आणि ती चक्क हसली. शरणबसप्पांच्या मनात पाल चुकचुकली. सासऱ्याच्या पिकाला रोग लागलाय आणि सून हसते, याचा अर्थ काय लावायचा?

संशय काही आजचा नव्हता. रत्नागिरीला समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करणाऱ्या या सुनेनं पेरणीच्या वेळी सुट्टीवर येऊन विहिरीकडच्या दोन एकरांचं बियाणं गुळाच्या पाण्यात आणि कसल्याशा काळ्या भुकटीत घोळलं होतं. यंदा त्या दोन एकरांना युरियाचा दाणा दाखवला नव्हता, तरी पीक नजर लागावी असं हिरवं. अणदूरच्या मातीत जन्म घालवलेल्या माणसाला फुकटातली हिरवाई पचत नाही. त्यात परवा ती रत्नागिरीहून समुद्राच्या पाण्याच्या बारा बाटल्या घेऊन आली. वर्षभर दर महिन्याला बोटीनं जाऊन एकेक भरलेली. श्रावणातला सोमवार घरी करून ती आज त्या घेऊन सोलापूरच्या प्रयोगशाळेत जाणार होती. तोवर बाटल्या फ्रिजमध्ये, दुधाच्या पातेल्याशेजारी.

काल जेवताना ती रंगून सांगत होती. समुद्रात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते हवेतला नत्र धरतात आणि पाण्यातल्या बाकीच्यांना पोसतात. आपल्या रानातही सध्या हेच काम चाललंय, असंही म्हणाली. शरणबसप्पांच्या हातातला घास हातातच राहिला. म्हणजे ती भुकटी समुद्रातली. समुद्र म्हणजे मीठ, आणि मीठ लागलेलं रान चोपण होतं, मग तिथं कुसळसुद्धा उगवत नाही. घर चालत होतं ते मुख्यतः याच दोन एकरांवर. आणि आता या बाटल्यांचीही सोलापुरात भुकटी होऊन ती रानातच येणार.

म्हणून आज सकाळी, ती आंघोळीला गेल्यावर, त्यांनी बाराही बाटल्या गोठ्यामागच्या मुरमावर ओतल्या. विहिरीच्या पाण्यानं पुन्हा भरल्या, झाकणं घट्ट लावली आणि होत्या तशा ओळीनं ठेवल्या. त्यानंतरच तिला जाब विचारायला रानात आणलं.

महेश्वरीनं एक गाठ नखानं चिरली. आत गुलाबी लाल निघालं.

“आत रगत हाय?” शरणबसप्पा मागं सरकले.

तिनं समजावून सांगितलं. गाठीत जीव राहतात. ते हवेतला नत्र धरून झाडाला देतात, झाड त्यांना साखर देतं. आतून लाल असली की गाठ कामाला लागलेली समजायची. समुद्रातले जीव निराळे, ते इथं आणले तर टिकायचे नाहीत. भुकटी तर कृषी विद्यापीठाच्या पाकिटातली होती, समुद्राशी तिचा काही संबंध नव्हता.

“हितकी वर्सं रान करतो,” शरणबसप्पा म्हणाले. “असल्या गाठी कधी दिसल्या न्हाईत मला.”

“मामा, सोयाबीन तुम्ही विळ्यानं कापता. हरभरा उपटता, पण तो वाळल्यावर. हिरव्या झाडाचं मूळ कधी बघितलंत?”

बांध ओलांडून शरणबसप्पा पलीकडच्या तुकड्यात गेले. तिथलं बियाणं त्यांनी स्वतः पेरलं होतं, कोरडं, कुणाला हात लावू न देता. त्यांनी एक झाड उपटलं. गाठी थोड्या कमी होत्या, पण होत्या. त्यांनी नखानं एक चिरली. आत लाल.

हे बिऱ्हाड त्यांच्या रानात कधीपासून राहत होतं कुणास ठाऊक, आणि ते मात्र सुनेला चोर ठरवून बसले होते.

“चला मामा,” महेश्वरी घड्याळ बघत म्हणाली. “तीनची गाडी आहे. बाटल्या बर्फात घालायच्यात. उद्यापासून त्यातले जीव मोजायला घेते.”

शरणबसप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसावं, असं एक मन म्हणत होतं. पाणी ते पाणी, तिकडं सोलापुरात कुणाला काय कळणार? पण ही पोरगी त्यांच्या विहिरीतले जीव मोजणार होती आणि समुद्राच्या नावावर मांडणार होती.

“महेश्वरी,” ते म्हणाले, “त्या बाटल्यांत आपल्या हिरीचं पाणी हाय. समुद्राचं म्या सकाळीच सांडलं.”

काही समजल्याचं तिच्या चेहऱ्यावर दिसेना.

“बाराच्या बारा?”

“व्हय.” त्यांची मान वर होईना. “तुला संशय यायला नको म्हणून परत्येकीत चिमूट चिमूट मीठबी टाकलं.”

महेश्वरी बांधावर मटकन खाली बसली. शरणबसप्पा वाकले आणि उपटलेली झाडं एकेक करून परत मातीत रोवू लागले.