नवरदेवाची सोपवणी

माइक हातात घेतानाच मर्तोयो गुरुजींनी ठरवून टाकलं, आज पारिमिनसाठी एकही शब्द शिल्लक ठेवायचा नाही.

पारिमिन समोरच उभा होता, मुलीकडच्यांच्या बाजूने. डोक्यावर नवंकोरं ब्लांगकोन पागोटं, पाठीमागे कमरेत खोचलेली क्रिस कट्यार, आणि चेहरा असा निवांत की बघूनच गुरुजींना आंबट ढेकर आला. काल-परवापर्यंत हा तिशीचा गडी बाजारात बदकांची अंडी विकत होता. लग्नाकार्यात गुरुजींच्या मागे बसून त्यांची वाक्यं पाठ करत होता. आजवर तो बोलला ते फुकट, कुणाच्या बारशाला, कुणाच्या कापणीच्या जेवणाला. आज पहिल्यांदा त्याला पाकीट मिळायचं होतं. तेही मुलीच्या बापाकडून, क्लातेनच्या वीटभट्टीवाल्याकडून, ज्याच्या घराण्यातले सगळे जावई गुरुजींच्याच तोंडून घरात आले होते.

"रागावू नका गुरुजी," भट्टीवाला म्हणाला होता, "त्याचं बोलणं कसं, आटोपशीर असतं. पाहुण्यांचं सूप गार होत नाही."

सूप. त्या दिवसापासून गुरुजींना सूप जात नव्हतं. मुलाकडच्यांनी बोलावलं म्हणून निदान मांडवात पाऊल टाकता आलं. पण लग्नसराई तोंडावर होती आणि पंचक्रोशीतले सगळे मुलींचे बाप आज इथेच बसले होते. ज्याचं बोलणं आज गाजेल, त्याच्याच दारात उद्यापासून आमंत्रणं येणार.

रीत सरळ होती. मुलाकडच्या वक्त्याने नवरदेव सोपवायचा, मुलीकडच्याने तो स्वीकारायचा, मग वाढप्यांनी धावायचं. दोन्ही भाषणं जुन्या दरबारी जावानीजमध्ये. त्या भाषेतली ठेवणीतली वाक्यं मोजकीच, आणि पारिमिनला येत होती ती झाडून सगळी गुरुजींनीच शिकवलेली. आपलीच आहेत, आपणच आधी संपवून टाकू. मग बस म्हणावं अंड्यांचे भाव सांगत.

गुरुजी सुटले. समुद्र आला, ज्वालामुखी आला, चंद्र येऊन गेला आणि पुन्हा आला. एका आजोबांच्या मांडीवरचं नातवंड झोपलं, उठलं, खेळलं आणि परत झोपलं. सरबतातल्या बर्फाचं पाणी झालं. मांडवाचा एक खांब म्हणे झोपेने जरा कललाच, पण ते मांडववाल्याचं म्हणणं, सोडून द्या. स्वयंपाकिणींनी सूप उतरवलं, चढवलं, पुन्हा उतरवलं.

पारिमिनच्या कपाळावर घामाचा थेंब नाही. मान झुकवून तो ऐकत होता, जणू त्याच्यासाठी अजून कोठारं भरून वाक्यं शिल्लक आहेत. ते बघून गुरुजींच्या पोटात आणखीच पेटलं. सोपवणीची वाक्यं संपली तरी जीभ थांबेना. पारिमिनला म्हणायचंय ते वाक्य घे, त्याच्यामागचं घे. अंगणात पाऊल पडलं, पायधूळ लागली, घर उजळलं, आणि टिपेला जाऊन गुरुजी गरजले, "म्हणून वधूच्या मातापित्यांच्या वतीने मी या नवरदेवाचा आनंदाने स्वीकार करतो."

वाढपी निघाले आणि अर्ध्या वाटेत थबकले.

मुलाकडच्या वक्त्यानेच मुलगा स्वीकारला होता. नवरदेवाने उचललेला पाय तसाच हवेत राहिला. पुढच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "म्हणजे ह्याला परत घेऊन जायचं का गं? बस तर कधीच गेली."

माइक खाली ठेवायचंही गुरुजींना सुचेना; तो त्यांच्या अंगठीवर टकटक वाजत होता आणि ती टकटक कर्ण्यांतून मांडवभर ऐकू येत होती. यानंतर त्यांना मांजरीच्या बारशालाही कुणी बोलावणार नव्हतं.

पारिमिन पुढे आला. आधी गुरुजींना वाकून नमस्कार केला, मग आपला माइक उचलला.

"मंडळी, आज माझी पहिलीच वेळ. सकाळपासून मी नुसता थरथरतोय. गुरुजींना ते दिसलं, म्हणून त्यांनी माझ्या वाटणीचंही बोलून टाकलं. शिष्याला इतकं कोण सांभाळून घेतं? मला आता एवढंच म्हणायचं उरलंय, स्वीकारला. बसा, सूप गरम आहे."

टाळ्यांनी कापडी छत हललं. बायकांनी डोळे पुसले. भट्टीवाल्याने येऊन गुरुजींचे दोन्ही हात धरले. "चुकलंच माझं, गुरुजी. धाकटीच्या लग्नाला तुम्हीच बोलायचं."

गुरुजींनी मान हलवली, पण समोर आलेल्या वाटीला हात लावला नाही. उभ्या जन्मात मिळाल्या नव्हत्या तेवढ्या टाळ्या आज मिळाल्या, आणि त्या पारिमिनच्या वाक्यांवर. ती वाक्यं त्यांनी त्याला शिकवली नव्हती. खरं म्हणजे ती त्यांना सुचलीच नसती. हे आधीच्या सगळ्या जळण्यापेक्षा जास्त झोंबत होतं.

ते उठले आणि मांडवामागे हात धुणाऱ्या पारिमिनला त्यांनी गाठलं.

"खोटारड्या, तू थरथरत नव्हतास. माझी नजर तुझ्यावरच होती."

"नव्हतो गुरुजी," पारिमिन आवाज खाली आणत म्हणाला. "पण तुमच्या माइकमधून ती थरथर अख्ख्या मांडवाने ऐकली होती. कुणाच्या तरी नावावर घालायला नको का?"