धापूजिजीचे ठिपके

कुंकवाचा वास आला की मला अजून बिकानेरची आमची भिंत आठवते. होळीनंतर येणाऱ्या गणगौरीच्या सणात आम्ही मुली रोज सकाळी तिच्यावर कुंकवाचे ठिपके काढायचो. मां सांगायची, "कुंकू संपलं तेव्हा गौरीनं स्वतःचं बोट चिरलं आणि बायकांवर सौभाग्य शिंपडलं. तेव्हापासूनची ही रीत."

माझी थोरली बहीण धापूजिजी मला चिडवायची. "इचरज, तुझे ठिपके बघ, माशा बसल्यासारखे." नवव्या वर्षी ती तापानं गेली.

पुढच्या होळीनंतर मांनं भिंतीला चुना दिला. सकाळी तिथं ओले ठिपके होते. एका ओळीत, नीटस, जिजीच्या उंचीवर.

दरवर्षी मां चुना द्यायची, कुंकवाची वाटी भिंतीशी ठेवायची, आणि दरवर्षी ती ओळ थोडी वर सरकलेली असायची. मला कधी भीती वाटली नाही. मी तिथं पाठ लावून उंची मोजायची. जिजी नेहमी पुढंच.

माझं लग्न ठरलं त्या वर्षी, गौरीला निरोप द्यायच्या सकाळी, भिंत कोरी होती. दाराच्या चौकटीशी मात्र एक लाल पंजा उमटला होता, सासरी निघालेली नवरी उमटवते तसा. वाटीतलं कुंकू जसंच्या तसं होतं.

मां आधी हसली. "थोरली आधी गेली. बरं झालं."

मग तिनं त्या ओल्या पंजाला बोट लावलं, बोटाकडे पाहिलं, आणि हळूच मला विचारलं, "पण इचरज, तिला नेलं कुणी?"