शिक्क्यातलं स्पेलिंग

"साहेब, शिक्क्यातलं स्पेलिंग चुकलंय," म्हातारा म्हणाला आणि नगरसेवकाच्या कार्यालयातली कुजबुज एकदम थांबली.

म्हातारा छापखान्यात प्रुफं तपासून निवृत्त झालेला. बायकोला फुकट खाट मिळावी म्हणून नगरसेवकाचं पत्र त्याने सकाळीच नेलं होतं; पण रुग्णालयाच्या खिडकीतल्या बाईंनी ते परत सरकवलं. "हे निवडून आलेल्याचं पत्र नाही, आजोबा. शिक्का वाचा." बायकोला तिथल्याच बाकावर बसवून तो तसाच धापा टाकत परत आला होता.

नगरसेवकाने कागद डोळ्यांजवळ धरला. "कौन्सिलर. बरोबर तर आहे."

"ऐकायला दोन्ही इंग्रजी शब्द सारखेच, साहेब. निवडून आलेला असतो त्याच्या मधे सी-आय. इथे एस-ई पडलंय. त्याचा अर्थ सल्ला देणारा." म्हाताऱ्याला राहवेना. "भले भले गल्लत करतात यात."

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं.

"म्हणजे दोन वर्षं मी नुसता सल्लागार?"

"तसं नव्हे, साहेब..."

"पुन्हा सांगा. मोठ्याने. सगळ्यांना कळू दे."

त्याने सांगितलं.

"स्पेलिंगसकट."

भर कार्यालयात ताठ उभं राहून त्याने एकेक अक्षर म्हटलं. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा जीभ अडखळली तशी सगळी रांग मनमोकळं हसली. म्हाताराही हसला. नवं पत्र मिळणार असेल तर हसायला आपलं काय जातंय, असं त्याला वाटलं.

"झकास," नगरसेवक म्हणाला. "आता शिक्काच सल्ला देणाऱ्याचा आहे म्हणताय, तर एक सल्ला घेऊन जा. आजींचं वय काय?"

"एकाहत्तर."

"एकाहत्तर! पुष्कळ झालं की. कशाला खाट अडवताय? घरी न्या."

नगरसेवकाने पत्राचे चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. "चुकीचा कागद बाहेर फिरायला नको. नवा शिक्का आला की या. हं, पुढचं कोण?"

पुढची बाई म्हाताऱ्याला कोपराने बाजूला सारून टेबलाशी आली. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

रुग्णालयात बायको बाकाच्या टोकाला बसली होती. तेवढ्या वेळात तिने केस विंचरून घट्ट बांधले होते.

"काय म्हणाले?"

म्हाताऱ्याने ओठांवरून जीभ फिरवली. "तुझं वय विचारत होते."

"खरं सांगितलंत?"

"हो."

"अहो, दोन वर्षं तरी कमी सांगायची," ती लाजून म्हणाली. मग पिशवी उचलून, भिंतीचा आधार घेत खिडकीकडे चालू लागली.