मोतीबाईचा पाटा

मिरच्या वाटायला बसलेल्या मोतीबाईला पाटाच सापडेना.

"हेमा, मना पाटा कोठे शे?"

लेकीनं, हेमलतानं, हळूच अंगणाकडे बोट केलं. काल तिनंच वडिलांना मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला होता. लांब समुद्रातल्या एका बेटावर लोक जमिनीत खड्डा खणतात, त्यात वाळका भोपळा ठेवतात, वर दगडी फरशी टाकतात आणि गाण्याच्या तालावर पाय आपटून ती वाजवतात. वडिलांनी तो सात वेळा पाहिला होता.

अंगणात खड्डा होता, खड्ड्यावर पाटा आणि पाट्यावर मोतीबाईचा नवरा, धना.

"ज्यावर वाटीसन खातस, त्यावर पाय देस?" मोतीबाई कडाडली.

धनानं उत्तर म्हणून टाच आपटली. धम्म! मग दुसरी. शेजारच्या बायका धावत आल्या आणि त्यांनी फेरच धरला.

दोन वर्षांपूर्वी मळणी यंत्रात धनाचा उजवा हात गेला, तेव्हापासून त्याचा ढोल ओसरीत टांगलेला होता. मोतीबाईनं त्या ढोलाकडे एकदा पाहिलं, पदर खोचला आणि फेरात शिरता शिरता ओरडली,

"आधी चपला काढ! मंग वाजाड, जोरमा!"