दाराचा दोर

बिबट्या विहिरीत मोटारीच्या पाइपाला कवटाळून होता आणि काठावर तीनशे माणसं ओरडत होती. पहाटे पडलेलं जनावर. आता दहा वाजत आले होते. त्याचे पंजे सुटायला लागले होते.

नारायणगावजवळच्या त्या मळ्यात वनरक्षक भरतनं दोनदा पिंजरा खाली सोडला होता. पिंजरा पाण्याला टेकला की वरून गलका उठे आणि बिबट्या बिचकून मागं सरके. भरतनं शिट्ट्या फुंकल्या, हात जोडले, शेवटी काठी उगारली. गर्दी आणखीच चिडली.

सगळ्यात मोठा आवाज गोरखचा. "माझी गाभण कालवड नेली त्यानं! बुडू द्या मेल्याला! तवा आलता का कुणी असं पळत?"

"मॅडम, पोलीस बोलावतो," भरत म्हणाला. "आधी ह्यालाच उचलायला सांगतो."

प्रतिभा मॅडम इथं वनाधिकारी म्हणून येऊन तीनच महिने झाले होते. त्या सरळ गोरखकडे गेल्या. कालवडीचं विचारलं. तो तोंडाला येईल ते बोलला, ते सगळं ऐकून घेतलं. मग पिंजऱ्याच्या दाराचा दोर त्याच्या हातात दिला.

"गोरखभाऊ, तो पुरता आत शिरला की दोर सोडायचा, दार पडेल. आधी सोडलात तर दार बंद, आणि तो बुडाला. तुमची माणसंही तुम्हीच सांभाळा."

भरतला हे पटेना. ज्याची कालवड गेली, त्याच्याच हाती दोर!

गोरख दोर धरून काठावरून वाकला. खाली बिबट्याचं नाक पाण्यात गेलं, परत वर आलं. गोरखनं पाय रोवले आणि मागं वळून गरजला, "ए, गप बसा समदी! मागं सरा! मोबाइल खिशात!"

काठ चिडीचूप झाला. पिंजरा तिसऱ्यांदा खाली गेला. बिबट्यानं हुंगलं. एक पंजा आत टाकला, मग दुसरा. मागची तंगडी अजून बाहेरच होती. "सोड," असं भरतच्या अगदी ओठांवर आलं. गोरख सोडेना. घाम डोळ्यांत उतरला तरी त्यानं पापणी हलवली नाही. शेपूट आत गेलं आणि खाड्कन दार पडलं.

पिंजरा वर आला तसा एकच जल्लोष उठला. त्या गडबडीत कुणीतरी पिंजऱ्यावर ढेकूळ भिरकावलं. भरत धावला, पण त्याच्याआधी गोरख पिंजऱ्यापुढं आडवा उभा होता.

"पुन्यांदा मारून दाखवा कोन मारतंय! मी काढलाय त्याला!"