दोन मिनिटांचं औषध

"मग सर, औषध कोणतं देऊ? जुनं की नवं?"

खुर्चीत आडवे झालेले सर सुजलेला गाल सांभाळत हसले. भोवती तीन विद्यार्थी वह्या घेऊन उभे. त्यांच्यासमोर दुसरं काय बोलणार? "नवंच दे. माझंच आहे ते. दोन मिनिटांत दात बधिर!"

माझंच म्हणे! डॉक्टरीणबाईंनी मास्कच्या आत दातओठ खाल्ले. बारा वर्षांपूर्वी याच विभागात ती सरांच्या हाताखाली शिकत होती. दात काढण्याआधी टोचायच्या या दोन औषधांची तुलना हाच तिचा प्रबंध. दोनशे पेशंट, दोन वर्षं. ओठ बधिर झाला की बाकीचे घड्याळ थांबवून मोकळे व्हायचे. ती थांबवायची नाही. बर्फासारखा गार कापूस दातालाच टेकवून बघायची. जुनं औषध तीन मिनिटांत दातापर्यंत पोचायचं. नवं दोन मिनिटांत ओठ जड करायचं, पण दाताला चांगली आठ मिनिटं घ्यायचं.

सरांनी तिची वही वाचायला म्हणून नेली, ती गेलीच. सहा महिन्यांनी लेख छापून आला. नाव सरांचं, आणि ओठाची दोन मिनिटं दाताच्या रकान्यात. औषध गाजलं, सर गाजले, आकडा पाठ्यपुस्तकात जाऊन बसला. ती भांडायला गेली तर म्हणाले, "पुरावा आहे?" पुरावा त्यांच्याच कपाटात! वर तिचा प्रबंध नापास करून तिला आणखी दोन वर्षं घासायला लावली. तेव्हापासून दोन मिनिटांत दाताला हात घालणारे डॉक्टर आणि खुर्चीत किंचाळणारे पेशंट ती बघत आली होती. पेशंटच भित्रे, असं सगळे म्हणायचे.

आणि आज विभागप्रमुख रजेवर, सरांची दाढ सडलेली, आणि ड्यूटीवर ती. सरांना दुसरीकडे जायची सोय नव्हती. रात्रभर दाढ धरून बसले होते बिचारे. बिचारे कसले!

ती पाठ करून ट्रॉलीवर वाकली, सिरिंज भरली. सुई हिरडीत शिरली तसे सरांनी डोळे मिटले.

"घड्याळ लाव गं," तिने पुढे उभ्या असलेल्या मुलीला सांगितलं.

मुलगी घड्याळाकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "दोन मिनिटं झाली, मॅडम."

"ओठ कसा वाटतोय, सर?"

"जड झालाय."

"छान." तिने दात काढायची पक्कड उचलली. "आ करा."

सर तोंड उघडेनात. कपाळावर घाम आला होता. "जरा थांबू या की. घाई कसली?"

"थांबायचं कशाला? दोन मिनिटं झाली ना! या तिघांनी हेच लिहून परीक्षेत मार्क मिळवलेत." तिने डाव्या हाताने त्यांची हनुवटी खाली दाबली. खोटं कशाला बोला, तिला मजा येत होती. बारा वर्षं ती याच क्षणासाठी जगली होती म्हटलं तरी चालेल. पक्कड दाढेपाशी पोचली.

सरांनी तिचं मनगट गच्च धरलं. "नको! अजून सहा मिनिटं थांब. आठ लागतात, आठ!"

"आठ? कुठे लिहिलंय?"

"तुझ्या वहीत."

मुलीने घड्याळावरची नजर काढली. "मग सर, पुस्तकातली दोन मिनिटं?"

"ती ओठाची," सर जडावलेल्या जिभेने पुटपुटले. "मी बदलली. वही हिची होती. आकडे सगळे हिचे."

"लिहून घ्या," ती विद्यार्थ्यांना म्हणाली. "तारीख, वेळ घाला आणि तिघंही खाली सह्या करा."

सह्या होईपर्यंत ती थांबली. मग सरांना काही कळायच्या आत तिने दाढेला पक्कड लावली. सर जिवाच्या आकांताने ओरडले, आणि ओरडता ओरडताच गप्प झाले. दाढ ट्रेमध्ये पडली होती. काही म्हणजे काही दुखलं नव्हतं.

"किती मिनिटं झाली?" त्यांनी कापूस दाबून विचारलं.

"साडेचार, सर."

सरांनी ट्रेमधली रिकामी बाटली उचलली. चष्मा चढवला आणि लेबल वाचलं. जुनं औषध होतं.

ती बेसिनपाशी हात धूत होती. तिने वळूनही पाहिलं नाही.

"त्या नव्या औषधावर माझा भरवसा कधीच नव्हता, सर. तुमचाही नाही, एवढंच या पोरांना दाखवायचं होतं."